महासाथीच्या पहिल्या आठवड्यांतील बातम्या : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोविड-१९ च्या पहिल्या काही महिन्यांत मी एका मराठी दैनिकाच्या डेस्कवर काम करत होते. त्या काळातल्या बातम्यांविषयी वाचक आणि पत्रकारितेचे विद्यार्थी आजही जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. जिथे जुन्या साथींचा, विशेषतः मुंबई-पुण्याच्या प्लेगचा, दाखला उपयोगी पडतो, तिथे तोही घेतला आहे.

‘सुरुवातीचा टप्पा’ म्हणजे नेमका कोणता काळ?

येथे ३१ डिसेंबर २०१९ पासून एप्रिल २०२० च्या मध्यापर्यंतचा काळ धरला आहे. ३१ डिसेंबरला वुहान शहराच्या आरोग्य आयोगाने कारण न कळलेल्या न्यूमोनियाचे २७ रुग्ण असल्याचे जाहीर केले. ३० जानेवारीला जागतिक आरोग्य संघटनेने आंतरराष्ट्रीय आरोग्य आणीबाणी घोषित केली आणि त्याच दिवशी केरळमध्ये, वुहानहून परतलेल्या एका विद्यार्थिनीच्या तपासणीतून, भारतातला पहिला रुग्ण नोंदला गेला. ९ मार्चला पुण्यात दुबईहून परतलेल्या एका दांपत्याला लागण झाल्याचे निष्पन्न झाले आणि ११ मार्चला संघटनेने ‘महासाथ’ हा शब्द वापरला.

मराठी वृत्तपत्रांपुरते बोलायचे तर खरी सीमारेषा ९ मार्चची आहे. तोपर्यंत हा विषय देश-विदेशच्या पानावर होता, त्या दिवशी तो शहराच्या पानावर आला. मधल्या जवळपास दहा आठवड्यांत साथरोगतज्ज्ञ कोण आहेत याची यादी करणे, ‘संशयित’, ‘बाधित’, ‘संपर्कात आलेले’ या शब्दांचे अर्थ ठरवून घेणे, एखाद्या बातमीदाराला फक्त आरोग्याचे काम देणे एवढे सहज करता आले असते. माझ्या पाहण्यातल्या फार थोड्या ठिकाणी ते झाले.

साथीची पहिली बातमी कोठून येते?

बहुतेक वेळा ती एखाद्या डॉक्टरकडून येते, कार्यालयाकडून नव्हे. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात रुग्ण तपासताना ही प्लेगची गाठ आहे हे ओळखले ते मूळचे गोव्याचे असलेल्या डॉ. अकासियो व्हिएगस यांनी. प्लेग हा शब्द उच्चारला की बंदराचा व्यापार बसेल, परदेशी बंदरे मुंबईची जहाजे अडवतील, ही भीती असल्यामुळे सुरुवातीला त्याहून सौम्य नावे वापरण्याकडे अधिकाऱ्यांचा कल होता.

वुहानमध्ये ३० डिसेंबर २०१९ रोजी डॉ. ली वेनलियांग या नेत्रतज्ज्ञाने आपल्या सहाध्यायी डॉक्टरांच्या गटाला एक सावधगिरीचा संदेश पाठवला. १ जानेवारीला तिथल्या पोलिसांनी अफवा पसरवणाऱ्या आठ जणांवर कारवाई केल्याचे जाहीर केले आणि चीनच्या सरकारी दूरचित्रवाणीने ती बातमी देशभर दाखवली. म्हणजे साथीविषयीच्या अगदी सुरुवातीच्या बातम्यांपैकी एक, अफवांविरुद्धच्या कारवाईची होती. डॉ. ली यांच्याकडून ३ जानेवारीला ताकीदपत्रावर सही घेण्यात आली आणि ७ फेब्रुवारीला त्याच आजाराने त्यांचा मृत्यू झाला. मधल्या काळात काही चिनी पत्रकारांनी रुग्णालयांत जाऊन केलेले वार्तांकन मोलाचे होते आणि आजही त्या दिवसांचा तो एक मुख्य आधार आहे.

अधिकृत सूत्राने सांगितले म्हणजे बातमी पक्की झाली, असे नाही का?

सूत्र पक्के झाले, बातमी अजून व्हायची असते. या टप्प्यातली सगळ्यात महागात पडलेली चूक येथेच झाली, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

१४ जानेवारी २०२० रोजी जागतिक आरोग्य संघटनेने ट्विटरवर लिहिले, की चिनी अधिकाऱ्यांच्या प्राथमिक तपासात हा विषाणू माणसाकडून माणसाला होत असल्याचा स्पष्ट पुरावा आढळलेला नाही. या एका वाक्यात चार कुंपणे आहेत : तपास चिनी अधिकाऱ्यांचा आहे, तो प्राथमिक आहे, पुरावा ‘स्पष्ट’ नाही, आणि तो ‘आढळलेला’ नाही. त्याच दिवशी संघटनेच्या तज्ज्ञांनी पत्रकारांशी बोलताना मर्यादित प्रमाणात असा प्रसार होत असण्याची शक्यता नाकारली नव्हती. पण दोन ओळींच्या मथळ्यात ही चारही कुंपणे गळून पडतात आणि उरते ते ‘माणसाकडून माणसाला संसर्ग नाही’. पुरावा आढळलेला नसणे आणि गोष्ट घडत नसणे यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे, आणि ते अंतर राखणे हे उपसंपादकाचे काम आहे. सहाच दिवसांनी, २० जानेवारीला, ज्येष्ठ श्वसनविकारतज्ज्ञ झोंग नानशान यांनी चिनी दूरचित्रवाणीवर माणसाकडून माणसाला प्रसार होत असल्याचे सांगितले आणि २३ जानेवारीला सुमारे एक कोटी दहा लाख वस्तीचे वुहान बंद झाले.

त्या सहा दिवसांत संघटनेचे वाक्य जसेच्या तसे, तारखेसह आणि कोणाच्या तपासाचे आहे त्या उल्लेखासह छापणारे वृत्तपत्र चुकले असे म्हणता येणार नाही. वाक्य छाटणारे मात्र चुकले. साथीच्या पहिल्या आठवड्यांत ‘अजून कळलेले नाही’ हीदेखील बातमी असते आणि ती तितक्याच ठळकपणे छापावी लागते. डेस्कवर मात्र ‘कळलेले नाही’ हा मजकूर जागा अडवणारा वाटतो आणि पहिली कात्री त्यालाच लागते.

रुग्णांचे आणि मृत्यूंचे आकडे रोज वेगळे का दिसत होते?

कारण आकडा म्हणजे आजार नव्हे, ती आजाराची नोंद असते. नोंदीची व्याख्या बदलली की आकडा उसळी मारतो. १३ फेब्रुवारी २०२० रोजी चीनच्या हुबेई प्रांताने एकाच दिवसात सुमारे पंधरा हजार नवे रुग्ण जाहीर केले, तेव्हा ‘एका रात्रीत स्फोट’ अशा धर्तीच्या बातम्या झाल्या. प्रत्यक्षात प्रयोगशाळेचा अहवाल नसला तरी डॉक्टरांनी लक्षणे आणि छातीच्या तपासणीवरून निदान केलेल्या रुग्णांनाही त्या दिवसापासून मोजायला सुरुवात झाली होती. साथ त्या रात्री बदलली नव्हती, रकाना बदलला होता.

दुसरे उदाहरण मृत्युदराचे. ३ मार्चला जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमुखांनी सांगितले, की नोंदल्या गेलेल्या रुग्णांपैकी सुमारे ३.४ टक्के जगभरात दगावले आहेत. ‘नोंदल्या गेलेल्या’ हा शब्द येथे कळीचा आहे. सौम्य लक्षणांचे असंख्य लोक तपासणीपर्यंत पोहोचतच नव्हते, त्यामुळे लागण झालेल्या सगळ्यांतून किती दगावतात हे त्या आकड्यावरून सांगता येत नव्हते. उलट, जे रुग्ण अजून रुग्णालयात आहेत त्यांच्यापैकी काहींचा मृत्यू पुढे व्हायचा होता, त्यामुळे तो आकडा दुसऱ्या बाजूनेही अपुरा होता. आमच्या डेस्कवर त्या दिवशी मथळा गेला तो ‘मृत्युदर ३.४ टक्के’ असा. तो मी स्वतः पाहून पुढे सोडला होता आणि ‘नोंदलेल्या रुग्णांतील’ हे दोन शब्द घालायला जागा होती, ही गोष्ट मला आजही टोचते.

तज्ज्ञांचे अंदाज चुकले, मग ते छापायचेच कशाला?

छापायला हवेत, परंतु त्यातला ‘जर’ मथळ्यात ठेवून. १६ मार्च २०२० रोजी लंडनच्या इम्पिरियल कॉलेजच्या गटाचा अहवाल आला. कोणतेही उपाय केले नाहीत आणि लोकांनीही आपले वागणे बदलले नाही, तर ब्रिटनमध्ये सुमारे ५ लाख १० हजार आणि अमेरिकेत सुमारे २२ लाख मृत्यू होऊ शकतील, असे त्यात म्हटले होते. ते भाकीत नव्हते, काहीच न करण्याची किंमत सांगणारा तो हिशेब होता. पुढे उपाय झाले, आकडे तेवढे झाले नाहीत, आणि ‘तज्ज्ञ खोटे ठरले’ अशा बातम्या आल्या. पूर येईल म्हणून गाव हलवले आणि कोणी बुडाले नाही, तर इशारा देणाऱ्याला आपण खोटारडा म्हणत नाही.

संशोधन निबंधावरून दिलेल्या बातम्यांवर किती विश्वास ठेवावा?

निबंध अन्य शास्त्रज्ञांनी तपासून प्रसिद्ध झाला आहे की नुसताच संकेतस्थळावर ठेवला आहे, हे बातमीत नसेल तर फार ठेवू नये. ३१ जानेवारी २०२० रोजी दिल्लीतील काही संशोधकांचा एक अपरीक्षित मसुदा प्रसिद्ध झाला. नव्या विषाणूत एड्सच्या विषाणूशी साम्य असलेले तुकडे आहेत, असा त्यात दावा होता. जगभरच्या शास्त्रज्ञांनी लगेच दोष दाखवले आणि दोनच दिवसांत लेखकांनी तो मसुदा मागे घेतला. मात्र विषाणू प्रयोगशाळेत घडवला असल्याचा ‘पुरावा’ म्हणून तो पुढे कित्येक महिने फिरत राहिला.

मास्कबाबतचा सल्ला बदलला, त्यात माध्यमांचा दोष होता का?

सल्ला बदलण्यात दोष नव्हता, बदल का झाला हे न सांगण्यात होता. सुरुवातीला निरोगी व्यक्तीने मास्क लावण्याची गरज नाही असे जागतिक आरोग्य संघटना सांगत होती. त्यामागे पुराव्याची कमतरता होती आणि रुग्णालयातल्या कर्मचाऱ्यांना मास्क पुरणार नाहीत ही चिंताही होती. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात केंद्र सरकारने घरी शिवलेले कापडी मास्क वापरण्याची सूचना केली, ८ एप्रिलला मुंबई महापालिकेने सार्वजनिक ठिकाणी मास्क सक्तीचा केला आणि ५ जूनला संघटनेनेही आपली सूचना बदलली. लक्षणे नसलेल्या माणसाकडूनही संसर्ग होतो हे मधल्या काळात स्पष्ट होत गेले होते. हा धागा बातमीत जोडून दिला असता तर ‘रोज काहीतरी नवीन सांगतात’ या वैतागाला पुष्कळ आळा बसला असता.

रुग्णाची ओळख, राहण्याचे ठिकाण किंवा धर्म बातमीत द्यावा का?

इतरांच्या आरोग्यासाठी जेवढे लागते तेवढेच द्यावे. अमुक दिवशी अमुक विमानाने रुग्णाने प्रवास केला, हे सहप्रवाशांना कळणे आवश्यक आहे. त्याचे नाव, सोसायटी, मुलांची शाळा कळणे आवश्यक नाही. ऑगस्ट २००९ मध्ये स्वाईन फ्लूने भारतातला पहिला मृत्यू पुण्यात झाला तो एका शाळकरी मुलीचा, आणि वृत्तवाहिन्यांवर तिचे नाव आणि छायाचित्र सतत दाखवले गेले. नायडू रुग्णालयाबाहेरच्या रांगा, बंद झालेल्या शाळा आणि चित्रपटगृहे ही बातमी होतीच. दुःखात असलेल्या कुटुंबाच्या दारात कॅमेरा नेण्याने त्या बातमीत काहीही भर पडत नव्हती. २०२० मध्ये पुण्याचे पहिले दांपत्य त्याच नायडू रुग्णालयात दाखल झाले आणि २५ मार्चला, गुढीपाडव्याच्या दिवशी, बरे होऊन घरी गेले. या वेळी बहुतेक मराठी वृत्तपत्रांनी नावे न देण्याचा संयम पाळला, हे नोंदवायला हवे.

धर्माच्या बाबतीत मात्र तो संयम सुटला. दिल्लीच्या निजामुद्दीन येथील तबलिगी जमातच्या मेळाव्यातून संसर्ग पसरला, हे वृत्त खरे होते आणि ते देणे योग्यच होते. त्यापुढे जाऊन काही वाहिन्यांनी आठवडे-दोन आठवडे साथीचा सगळा दोष एका समाजावर टाकणारी भाषा वापरली. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने २१ ऑगस्ट २०२० रोजी या प्रकरणातील परदेशी नागरिकांवरील गुन्हे रद्द केले, तेव्हा मुद्रित आणि दृक्‌श्राव्य माध्यमांतून त्यांच्याविरुद्ध मोठा अपप्रचार झाल्याचे आणि त्यांना बळीचा बकरा करण्यात आल्याचे निरीक्षण नोंदवले. निकाल आला तेव्हा त्याला मिळालेली जागा एप्रिलमधल्या मथळ्यांच्या तुलनेत फारच थोडी होती.

आजाराला गावाचे किंवा देशाचे नाव देऊ नये, ही जागतिक आरोग्य संघटनेची २०१५ पासूनची सूचना याच कारणासाठी आहे. ११ फेब्रुवारी २०२० रोजी कोविड-१९ हे नाव ठरले, त्यानंतर दुसरे नाव वापरण्याचे काही प्रयोजन उरले नव्हते.

घबराट होईल म्हणून काही बातम्या रोखून ठेवाव्यात का?

नाही. या प्रश्नाला इतिहासाने दिलेले उत्तर इतके स्पष्ट आहे, की येथे मी दोन्ही बाजू सारख्या मापाने मांडणार नाही.

१९१८ च्या इन्फ्लुएन्झाच्या वेळी युद्धात उतरलेल्या देशांत वृत्तपत्रांवर नियंत्रण होते. स्पेन तटस्थ होता, तिथली वृत्तपत्रे मोकळेपणाने लिहीत होती, तिथला राजाही आजारी पडला होता. म्हणून जगाला ती ‘स्पॅनिश’ साथ वाटली. खरे लिहिणाऱ्या देशाच्या कपाळी नाव चिकटले आणि लपवणारे मोकळे राहिले. अमेरिकेत फिलाडेल्फिया शहरात २८ सप्टेंबर १९१८ रोजी युद्धकर्जासाठी मोठी मिरवणूक निघाली. गर्दी धोक्याची आहे हे डॉक्टर सांगत होते, पण वृत्तपत्रांनी ते छापले नाही. सुमारे दोन लाख लोक जमले आणि काही दिवसांतच शहरातली रुग्णालये भरून गेली.

आपल्याकडे ३१ मार्च २०२० रोजी स्थलांतरित मजुरांसंबंधीच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, की टाळेबंदी तीन महिन्यांहून अधिक चालेल अशा खोट्या बातमीमुळे मजूर घाबरून निघाले. महासाथीवरील मुक्त चर्चेत हस्तक्षेप करण्याचा हेतू नसल्याचे सांगून न्यायालयाने माध्यमांना घडामोडींची अधिकृत बाजू प्रसिद्ध करण्याचे निर्देश दिले. खोट्या बातमीने हानी होते, हे मान्यच आहे. परंतु एकवीस दिवसांची टाळेबंदी चार तासांच्या पूर्वसूचनेने सुरू झाली होती, हातातली मजुरी थांबली होती, गावी जायला वाहन नव्हते. महामार्गांवरून चालत निघालेल्या माणसांचे पाय अफवेने हलवले की भुकेने, हे त्यांच्याबरोबर काही कोस चाललेल्या बातमीदारांनीच देशाला सांगितले, आणि ते सांगितले गेले म्हणूनच त्यांची दखल घेणे भाग पडले.

१४ एप्रिलला वांद्रे स्थानकाजवळ मजुरांची गर्दी झाली, तेव्हा विशेष गाड्यांविषयी बातमी दिल्याबद्दल एका मराठी वृत्तवाहिनीच्या पत्रकाराला अटक झाली. त्याला नंतर जामीन मिळाला. बातमी रेल्वेच्या अंतर्गत पत्रव्यवहारावर आधारलेली होती. ‘प्रस्ताव आहे’ आणि ‘गाड्या सुटणार’ यांत किती फरक ठेवायचा, हा प्रश्न वृत्तकक्षात विचारण्याचा आहे. तो पोलीस ठाण्यात सोडवण्याचा नाही.

अफवेचे खंडन कसे करावे?

आधी खरी गोष्ट, मग अफवेचा उल्लेख, तोही एकदाच. फेब्रुवारी २०२० मध्ये कोंबडीचे मांस खाल्ल्याने कोरोना होतो अशी अफवा महाराष्ट्रात पसरली आणि कुक्कुटपालन करणाऱ्या शेतकऱ्यांचे भाव कोसळले. पुष्कळ वृत्तपत्रांनी ‘चिकनमुळे कोरोना?’ असा प्रश्नार्थक मथळा देऊन खाली खंडन छापले. चहाच्या टपरीवर मथळा वाचला जातो, खालचा मजकूर नाही. ‘चिकन खाणे सुरक्षित’ एवढा मथळा पुरेसा होता.

बातमीदारांची काय परिस्थिती होती?

एप्रिल २०२० मध्ये मुंबईत पत्रकारांसाठी घेतलेल्या तपासणीत ५३ जण बाधित निघाले, आणि त्यांच्यातल्या बहुतेकांना लक्षणे नव्हती. मार्चच्या शेवटी मुंबईत छापील अंकांचे वितरण काही दिवस थांबले होते. एप्रिलमध्ये राज्य सरकारने घरोघरी अंक टाकण्यावर बंदी घातली आणि टीका झाल्यावर मुंबई व पुणे महानगर क्षेत्र आणि प्रतिबंधित क्षेत्रे वगळून ती सैल केली. लोकांना खात्रीच्या बातमीची सर्वांत जास्त गरज असताना अंक दारात पोहोचत नव्हता आणि ती जागा भ्रमणध्वनीवरच्या फिरत्या संदेशांनी घेतली.

साथ सुरू असताना सरकारवर टीका करावी का?

करावी, आणि ती पुराव्यावर उभी असावी. १८९७ चे पुणे याचे दोन्ही बाजूंचे उदाहरण आहे. त्या वर्षी ४ फेब्रुवारीला साथरोग कायदा झाला, रँड यांच्या देखरेखीखाली गोरे सैनिक घराघरांत शिरून झडती घेऊ लागले. ‘केसरी’ आणि ‘मराठा’ यांनी या जुलमावर लिहिले. त्याच वेळी टिळक पुण्यात राहिले, आणि हिंदूंसाठी प्लेगचे रुग्णालय उभे करण्यात त्यांनी पुढाकार घेतला. २२ जूनला रँड यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या आणि पुढे टिळकांना राजद्रोहाबद्दल अठरा महिन्यांची शिक्षा झाली. खटला प्लेगच्या बातम्यांवर नव्हता, शिवाजी उत्सवाच्या संदर्भातील मजकुरावर होता. परंतु साथीत तापलेल्या वातावरणातूनच तो उभा राहिला.

दुसरी बाजू गोपाळ कृष्ण गोखले यांची. ते तेव्हा इंग्लंडमध्ये होते. पुण्याहून आलेल्या पत्रांच्या आधारे त्यांनी ‘मँचेस्टर गार्डियन’ला सैनिकांच्या अत्याचारांची माहिती दिली, त्यात स्त्रियांवरील अत्याचाराचा आरोपही होता. परत आल्यावर पत्रे लिहिणाऱ्यांपैकी कोणी पुराव्यानिशी पुढे यायला तयार होईना, आणि गोखल्यांना जाहीर माफी मागावी लागली. सैनिकांची वागणूक चांगली होती असे यावरून ठरत नाही. झालेल्या अन्यायाचा एक आरोप सिद्ध करता आला नाही, की त्याच्यासोबतच्या खऱ्या तक्रारीही झाकल्या जातात, हे मात्र ठरते. मी विद्यार्थ्यांना हे उदाहरण दरवर्षी सांगते, कारण दुरून, पत्रांवर आणि निरोपांवर बातमी करण्याची वेळ २०२० मध्ये आपल्या सगळ्यांवर आली होती.

चुकीच्या ठरलेल्या जुन्या बातम्या संकेतस्थळावरून काढून टाकाव्यात का?

काढू नयेत. बातमीच्या माथ्यावर ती कोणत्या तारखेची आहे हे मोठ्या अक्षरांत असावे, नंतर काय बदलले ते दोन ओळींत लिहावे, आणि मूळ मजकूर तसाच ठेवावा. दुरुस्ती छापील अंकात करायची असेल तर चूक ज्या पानावर झाली त्याच पानावर करावी. पहिल्या पानावरच्या मथळ्याचा खुलासा सातव्या पानाच्या तळाशी देणे वाचकाशी न्याय्य नाही. मुंबईच्या प्लेगच्या वेळी कोणत्या आठवड्यात कोणता शब्द वापरला जात होता, हे आज आपल्याला सांगता येते, कारण त्या वेळच्या अंकांच्या फायली कोणी फाडल्या नाहीत. २०२० च्या आपल्या बातम्यांच्या दुव्यांपैकी काही आजच उघडत नाहीत.